अखेरच्या नोंदीचा अधिकार

अमेरिकेतील मेरीलँड राज्यातल्या 'बेथेस्डा गेम स्टुडिओज' या संस्थेने ११ नोव्हेंबर २०११ रोजी 'स्कायरिम' हा भूमिकाप्रधान खेळ प्रसिद्ध केला, आणि ज्या उपकरणाने तिच्या कारागिरांनी ते हिमाच्छादित जग रचले होते ते 'क्रिएशन किट'ही पुढल्याच फेब्रुवारीत तिने सर्वांच्या हाती विनामूल्य दिले. ही उदारता त्या संस्थेला नवी नव्हती. २००२ मध्ये 'मोरोविंड'च्या तबकडीबरोबरच असे एक उपकरण खेळणाऱ्याच्या घरी पोचले होते. त्याचा परिणाम असा झाला की, ज्यांनी एकमेकांची तोंडे कधी पाहिली नाहीत, ज्यांच्यात पत्राचाही व्यवहार झाला नाही, अशा असंख्य माणसांनी त्या एकाच जगात आपापल्या मनाप्रमाणे फेरफार केले, आणि ते सगळे फेरफार एका खेळात एकत्र नांदवण्याची जबाबदारी मात्र शेवटी खेळणाऱ्याच्या शिरावर येऊन पडली.

या जगातील तलवार, सराय, गावकरी, इतकेच काय पण रस्त्याकडेचा धोंडाही, एकेक नोंद असते. वर सांगितलेल्या एकेका फेरफाराला मॉड म्हणतात, आणि मॉडचे प्लगइन म्हणजे अशा काही नोंदींच्या सुधारित प्रतींचे दप्तर होय. खेळ सुरू होताना ही दप्तरे एका ठरावीक क्रमाने वाचली जातात. त्या क्रमाला लोड ऑर्डर म्हणतात. एकाच नोंदीच्या दोन प्रती निघाल्या तर जी सर्वांत शेवटी वाचली गेली ती समूळ ग्राह्य धरावयाची आणि आधीची समूळ बाजूला सारावयाची, असा बहुतेक सर्व नोंदींच्या बाबतीत या खेळाचा शिरस्ता आहे. या शिरस्त्याखाली सुखाने कसे नांदावे याविषयी दोन पक्ष आहेत, आणि दोन्ही पक्षांत विचारी माणसे आहेत. ते दोन पक्ष मी येथे एका काकाच्या आणि त्याच्या पुतणीच्या मुखी घातले आहेत. काका मोरोविंडपासून या छंदात आहे. पुतणीचा हात बसला तो स्कायरिमच्या २०१६ च्या 'स्पेशल एडिशन'वर.

काका : तुझी मूळ तक्रार काय ती आधी नीट मांड. क्रम हवा हे तुला मान्य आहे, अखेरची नोंद ग्राह्य हेही मान्य आहे. मग माझ्या मार्गात उणे ते काय?

पुतणी : क्रमाला माझी हरकत नाही, काका. क्रम लावला म्हणजे तंटा मिटला असे जे तुम्ही धरून चालता, त्याला आहे. खेळातली अगदी साधी वस्तू घ्या. लोखंडी तलवारीच्या मूळ नोंदीत प्रहारशक्ती ७, वजन ९ आणि किंमत २५ आहे. एका मॉडकर्त्याला ती जड वाटली, त्याने वजन उतरवले. दुसऱ्याला ती दुबळी वाटली, त्याने प्रहारशक्ती चढवली. दोघांच्या इच्छेत काडीचाही विरोध नाही. पण एक आकडा बदलण्यासाठी दुसऱ्याला संपूर्ण नोंदीची प्रत घ्यावी लागली, आणि त्या प्रतीत वजनाच्या रकान्यात मूळचा ९ तसाच राहिला. त्याचे प्लगइन शेवटी वाचले गेले की तो ९ देखील खेळ त्याचा हुकूमच समजतो. वजनाविषयी ज्याला काही म्हणायचेच नव्हते त्याच्या मौनाने, ज्याने विचारपूर्वक म्हटले त्याचे म्हणणे रद्द होते.

काका : मग क्रम उलटा कर.

पुतणी : मग पहिल्याच्या मौनाने दुसऱ्याची वाढवलेली शक्ती रद्द होईल. क्रम कसाही फिरवा, दोघांपैकी एकाचे श्रम वाया जाणारच. माझ्या म्हणण्याचा मुद्दा हाच आहे की दोघांचेही हवे तर तिसरी नोंद लिहावी लागते. नोंदी तपासण्याचे एसएसईएडिट हे साधन उघडायचे, त्या तलवारीच्या सगळ्या प्रती शेजारी-शेजारी स्तंभांत पाहायच्या, आणि एका लहानशा पॅचमध्ये, म्हणजे जोडणीच्या प्लगइनमध्ये, वजन पहिल्याचे, शक्ती दुसऱ्याची असे मांडून तो पॅच दोघांच्याही नंतर ठेवायचा. त्या पडद्यावर सर्वांत उजवीकडचा स्तंभ जिंकतो. तो स्तंभ मी माझ्या हाताने लिहिते.

काका : एका तलवारीपुरते हे शोभून दिसते. माझ्या यादीत दोनशेच्या वर प्लगइने आहेत आणि त्यांच्यात आपसांत झगडणाऱ्या नोंदी हजारोंनी निघतील. त्यांतल्या बहुतेक इतक्या क्षुल्लक असतात की कोण जिंकले हे खेळताना मला कळतही नाही. तू जन्मली नव्हतीस किंवा रांगत होतीस तेव्हाची गोष्ट सांगतो. मोरोविंड आणि त्यामागून आलेल्या ऑब्लिव्हियन या खेळांच्या काळी कोणते प्लगइन आधी वाचावे हे त्या फाइलच्या तारखेवरून ठरे. जी फाइल जुनी ती आधी, जी नवी ती मागाहून. म्हणजे क्रम बदलायचा तर फाइलींच्या तारखा खोट्या लिहाव्या लागत, आणि कोणती कोठे असावी हे ज्याने त्याने ठेचा खात शिकावे. त्या अवस्थेतून आम्हांला क्रम लावून देणाऱ्या साधनांनी, प्रथम ऑब्लिव्हियनसाठी बॉसने आणि त्यामागून लूटने, बाहेर काढले. लूटची जी सामाईक यादी आहे तिच्यामागे अनेकांनी खाल्लेल्या ठेचा आहेत. अमुक मॉड तमुकाच्या आधी आला तर खेळ कोसळतो, हे कोणीतरी आपला खेळ कोसळवून शोधले आणि तेथे नोंदवून ठेवले, म्हणून तुला-मला ते आयते मिळते. या सामुदायिक अनुभवापुढे एकट्यादुकट्याच्या चिकित्सेचे मोल मी कमी धरतो.

काकाच्या या बोलण्यात कृतज्ञता आहे, आणि ती रास्त आहे. ज्याने फाइलींच्या तारखा हाताने मागेपुढे केल्या असतील त्यालाच लूटसारख्या साधनाची खरी किंमत कळणार.

पुतणी : त्या यादीचा अनादर मी करीत नाही, माझाही आरंभ तिच्यापासूनच होतो. पण ती काय जाणते आणि काय जाणत नाही हे पाहा. कोणते प्लगइन कोणावर अवलंबून आहे हे ती जाणते, कोठे बिघाड होतो हे जाणते. मला सरायीत अंधुक प्रकाश हवा की लख्ख, हे तिला कोठून कळणार?

काका : तुला वाटते तितकी ती आंधळी नाही. ज्या दोन प्लगइनांविषयी यादीत काही लिहिलेले नसते, त्यांच्या नोंदी एकमेकींवर आल्या तर लूट असे पाहते की अधिक नोंदी बदलणारे मोठे प्लगइन आधी जावे आणि थोड्या बदलणारे लहान मागाहून यावे. सामान्य आधी, विशेष नंतर. आपल्या वैयाकरणांना हा न्याय पुरता परिचित होता. दोन तुल्यबल नियमांचा एकाच ठिकाणी विरोध आला तर अष्टाध्यायीच्या क्रमात जो पुढला तो प्रवर्तावा, अशी व्यवस्था स्वतः पाणिनीने पहिल्याच अध्यायात घालून दिली आहे, आणि अपवाद हा उत्सर्गाला, म्हणजे सामान्य नियमाला, बाधतो हे तर सर्वसंमतच आहे. जवळजवळ चार हजार सूत्रांचा एवढा प्रचंड ग्रंथ क्रमाच्या आधारावर उभा राहू शकतो, मग माझ्या दोनशे प्लगइनांचा खेळ का राहू नये?

पुतणी : दृष्टांत मोठा आहे, आणि मला तो आवडलाही. पण त्यातच माझे उत्तर आहे. पाणिनीची दोन सूत्रे एकमेकांसमोर येतात तेव्हा दोन्ही सूत्रांना त्या जागी काहीतरी सांगायचे असते. ज्या सूत्राला त्या रूपाविषयी काही विधान करायचे नाही ते तेथे येतच नाही. शिवाय सगळी सूत्रे एकाच बुद्धीने, पुढचेमागचे जाणून रचलेली. येथे दोन लेखक एकमेकांच्या अस्तित्वाविषयी अजाण, आणि एकाची नोंद ज्या रकान्यांविषयी त्याने विचारही केला नाही त्या रकान्यांतही बोलत राहते. कित्येकदा तर मॉडकर्ता क्रिएशन किटमध्ये एखादी खोली केवळ पाहायला उघडतो, आणि तिची जशीच्या तशी प्रत अनवधानाने त्याच्या प्लगइनमध्ये उतरते. मुळाशी तंतोतंत जुळणारी, कशातही बदल न करणारी ती नोंद, पण आधीच्या सगळ्यांचे बदल पुसून मूळ स्थिती बहाल करणारी! 'डॉनगार्ड', 'हार्थफायर' आणि 'ड्रॅगनबॉर्न' या खुद्द कंपनीच्या पुरवण्यांतसुद्धा असल्या नोंदी राहून गेल्या आहेत.

काका : त्या स्वच्छ करण्याची सूचना लूटच देते, हेही सांग.

पुतणी : देते. स्वच्छ मात्र एसएसईएडिटमध्येच कराव्या लागतात.

काका : बरे, पण यंत्राने जुळवून घेण्याचे काम होतच नाही असे म्हणू नकोस. लुटारूंच्या हाती कोणती शस्त्रे यावीत याची जी श्रेणीबद्ध यादी खेळात असते तिची गोष्ट घे. एका मॉडने त्या यादीत आपली नवी शस्त्रे घातली, दुसऱ्याने आपली. शेवटच्याची यादी ग्राह्य, म्हणून पहिल्याची शस्त्रे त्या वाटेने कोणाच्याही हाती कधी पडत नाहीत. खेळ कोसळत नाही, कसली सूचना येत नाही, खेळणारा वर्षभर हिंडतो आणि आपण बसवलेली तलवार दिसली का नाही याचा विचार करीत राहतो. राय बॅश या साधनाच्या बॅश्ड पॅचने हा प्रश्न कधीच सोडवला. तो दोन्ही याद्यांची बेरीज करतो आणि त्यासाठी कोणाला नोंदीनोंदीवर डोळे फोडावे लागत नाहीत.

पुतणी : जेथे बेरीज हेच उत्तर आहे तेथे ते साधन उत्तम, आणि मीही तेच वापरते. पण व्हाइटरन शहरातल्या 'बॅनर्ड मेअर' सरायीची नोंद घ्या. त्या एका नोंदीत प्रकाशयोजना, आवाजाचा घुमारा, संगीत आणि मालकी असे कितीतरी रकाने आहेत. प्रकाशाच्या मॉडला पहिला रकाना हवा, ध्वनीच्या मॉडला दुसरा, आणि दोष दुरुस्त करणाऱ्या अनऑफिशियल पॅचचे आणखी एखाद्याविषयी म्हणणे असू शकते. ध्वनीचा मॉड शेवटी आला की शेकोटीच्या उजेडासाठी कोणी महिनोन्महिने घेतलेले कष्ट नाहीसे होतात, आणि ते का नाहीसे झाले हे खेळणाऱ्याला उमगत नाही. तो प्रकाशाच्या मॉडलाच नावे ठेवतो. मला हे सहन होत नाही. त्या माणसाने काम नीट केले होते. त्याच्यानंतर आलेल्यानेही नीट केले होते. दोघांचेही काम एकत्र पाहणारी या जगात मी एकटीच आहे, कारण हे दोन मॉड एकत्र बसवले ते मी. तेव्हा त्या दोघांचा तह घडवण्याचे काम माझ्यावाचून दुसऱ्या कोणाचे असणार?

या ठिकाणी माझा कौल पुतणीच्या बाजूने आहे, आणि तो मी राखून ठेवीत नाही. क्रम ठरवतो तो केवळ जय आणि पराजय. ज्यांचे भांडणच नव्हते अशा दोघांनाही तो प्रतिपक्षी म्हणून समोरासमोर उभे करतो, आणि एकाला घरी पाठवतो. त्या दोघांचे मनोगत वाचून पाहिल्यावाचून भांडण खरे की भासमान याचा निवाडा होऊ शकत नाही, आणि वाचण्याचे ते काम खेळणाऱ्याखेरीज कोणी अंगावर घेईल अशी तजवीज कोठेही नाही. तथापि काकाचा पक्ष येथे संपत नाही. त्याच्या भात्यातले तीक्ष्ण बाण पुढेच आहेत.

काका : तुझ्या त्या पडद्यावर सगळेच दिसते असा तुझा समज आहे. चेहरा काळा पडलेला गावकरी तू पाहिला असशील. मान गोरी, हात गोरे, आणि चेहरा तेवढा राखेसारखा करडा. हा दोष कोठून येतो? माणसाची नोंद एका मॉडची जिंकली, आणि त्याच्या चेहऱ्याची घडण व रंग ज्या वेगळ्या फाइलींत असतात त्या दुसऱ्या मॉडच्या जिंकल्या; दोन्हींचा मेळ बसेना. कारण येथे क्रम एक नसून दोन आहेत. प्लगइनांचा क्रम वेगळा आणि फाइलींचा वेगळा. त्यातही सुट्या फाइली बीएसए गठ्ठ्यातल्या फाइलींवर मात करतात. मॉड ऑर्गनायझर या साधनात डावीकडची यादी फाइलींची आणि उजवीकडची प्लगइनांची. तू उजव्या यादीतल्या नोंदी कितीही नीट लाव, डावीकडे गफलत झाली की चेहरा काळा. माझा साधा शिरस्ता असा आहे की माणसांचे चेहरे बदलणारे मॉड दोन्ही याद्यांत एकाच क्रमाने ठेवायचे. वर्षानुवर्षे माझ्या खेळात असा चेहरा आलेला नाही.

पुतणी : हा शिरस्ता मी आजपासून उचलते. येथे क्रमच औषध आहे, मान्य.

काका : आणि जेथे क्रमही औषध नाही आणि तुझा पॅचही नाही, तेथे? चालण्याच्या वाटांचा प्रश्न घे. गावकऱ्यांनी कोठून चालावे हे नॅव्हमेश ठरवतो, तो त्रिकोणांचा एक विणलेला पट असतो. एका मॉडने रिव्हरवुड गावात नवे घर बांधले, दुसऱ्याने तेथेच बाजार भरवला. दोघांनी तोच पट आपापल्या परीने फाडून शिवला. आता या दोन पटांतले रकाने तुझ्या एसएसईएडिटमध्ये इकडून तिकडे नेता येतील का?

पुतणी : नाही. पटाचे त्रिकोण असे उचलून ठेवता येत नाहीत. क्रिएशन किट उघडून घर आणि बाजार दोन्ही डोळ्यांसमोर ठेवून वाट नव्याने विणावी लागते.

काका : ते किती जण करतील?

पुतणी : थोडे. मीही सर्वत्र करीत नाही. अशा वेळी मी दोहोंतला एक मॉड काढून टाकते.

काका : म्हणजे तुझ्या तहाच्या शास्त्रातही असा प्रदेश आहे, जेथे तह होत नाही आणि एकाला निरोपच द्यावा लागतो. मी हेच पहिल्यापासून सांगतो आहे. खरा निर्णय मॉड बसवण्यापूर्वी घ्यायचा असतो. पूर्वी खेळच आम्हांला आवर घाली. प्रत्येक वस्तूची ओळख आठ अंकी षोडशमानी संख्येने होते आणि तिचे पहिले दोन अंक प्लगइनचा अनुक्रम सांगतात. दोन अंकांत संख्या मावणार २५६, आणि त्यातला शेवटचा क्रमांक खेळ चालू असताना उपजणाऱ्या वस्तूंसाठी राखून ठेवलेला. २५५ च्या पुढे जाण्याची मुभाच नव्हती. माणूस निवडून निवडून घेई. मग हलकी प्लगइने आली. सगळ्या हलक्यांना मिळून एकच, शेवटून दुसरा, अनुक्रम दिला आणि त्याच्या पोटात ४०९६ जणांची सोय केली. तेव्हापासून लोकांचा संयम सुटला.

पुतणी : त्याच हलक्या प्लगइनांनी माझा मार्ग शक्य केला, काका. जुन्या व्यवस्थेत चार आकड्यांच्या पॅचलासुद्धा २५५ मधली एक अख्खी जागा मोजावी लागे, म्हणून लोक पॅच करायला कचरत किंवा सगळे पॅच एकात कोंबत. आता सरायीचा पॅच वेगळा, तलवारीचा वेगळा ठेवता येतो, आणि एखादा मॉड सोडला तर त्याचा तेवढा पॅच सोडता येतो.

काका : खेळ अर्ध्यावर असताना सोडता येतो म्हणतेस?

पुतणी : आकड्यांचा पॅच बहुधा सोडता येतो. ज्या मॉडमध्ये खेळाच्या पॅपिरस भाषेतल्या स्क्रिप्ट चालतात तो मात्र अर्ध्यावर काढू नये. त्याच्या चालू स्क्रिप्टचे अवशेष जतन केलेल्या खेळात रुतून राहतात. तुमचा आरंभीच निर्णय घेण्याचा आग्रह तेथे शंभर हिश्श्यांनी खरा आहे.

काका : मग आता माझी शेवटची हरकत ऐक, कारण मला तीच सर्वांत मोठी वाटते. तू दोन मॉड वाचलेस, दोघांचे मनोगत ओळखलेस, आणि त्यांच्या त्या दिवशीच्या आकड्यांची प्रत करून पॅच लिहिलास. चार महिन्यांनी प्रकाशाच्या मॉडकर्त्याने आपली चूक सुधारून सरायीतला उजेड पुन्हा नीट बसवला. तुझा पॅच सर्वांच्या शेवटी आहे. त्यात त्याचा जुना, त्याने स्वतः टाकून दिलेला आकडा आहे. आता ज्याच्या मौनाने दुसऱ्याचे म्हणणे रद्द होते असा तो अखेरचा लेखक कोण?

पुतणी थोडा वेळ बोलली नाही. हा आक्षेप वरवरचा नाही. हाताने केलेला प्रत्येक समेट एका विशिष्ट दिवसाचा असतो. पक्ष पुढे सरकतात आणि कागद जागच्या जागी राहतो. ज्यांनी शेकड्यांनी पॅच जमवले आहेत आणि त्यांतला एकही पुन्हा उघडलेला नाही, त्यांच्या खेळात असे कित्येक जुने समेट आज नव्या कामावर मात करीत असतील.

पुतणी : मी, काका. तो लेखक मीच ठरते. यावर मला एकच उपाय ठाऊक आहे आणि तो कष्टाचा आहे. प्रत्येक पॅचच्या वर्णनात दोन्ही मॉडच्या आवृत्त्यांचे क्रमांक लिहून ठेवायचे, आणि त्यांतला कोणताही मॉड नव्याने उतरवून घेतला की पॅच पुन्हा उघडून रकाने ताडून पाहायचे. ज्याला हे करायचे नसेल त्याने पॅच करू नये. त्याने तुमच्या मार्गाने जावे, कारण लूटची यादी निदान कोणीतरी अद्ययावत ठेवत असते. पण मी ते करीन. आणि म्हणूनच, तुम्ही म्हणता तसे, माझी यादी लहान ठेवीन. जेवढे मॉड मी वाचू शकते तेवढेच बसवीन.

काका : हे मला पटण्याजोगे बोललीस. दोनशेंची यादी मी काही कमी करणार नाही, आणि प्रत्येक नोंद वाचायला बसण्याइतका वेळही मला नाही. मला त्या डोंगरातून हिंडायचे असते. पण ती सराय माझ्या खेळातही आहे, आणि तिच्यातला उजेड गेला आहे हे तू सांगेपर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते. तो पॅच मला दे.

पुतणी : देते. तुमच्याकडे प्रकाशाचा आणि ध्वनीचा मॉड तेच आहेत ना? आणि आवृत्ती कोणती?

काका : मॉड तेच आहेत. आवृत्ती पाहावी लागेल.

पुतणी : ती आधी पाहा. माझ्याहून नवी असेल तर हा पॅच बसवू नका. मी नवा करून देईन. आणि दोघांपैकी एक जरी मॉड नसला तरी खेळ सुरूच होणार नाही, कारण पॅचच्या मथळ्यात दोघांचीही नावे आधार म्हणून लिहिलेली आहेत.

काका : मग लूट त्याला कोठे बसवील? यादीत तर तुझ्या पॅचचे नाव असणार नाही.

पुतणी : यादीत नाव नसले तरी लूट मथळा वाचते. ज्यांची नावे आधार म्हणून दिली आहेत त्यांच्या आधी ती त्याला जाऊ देणार नाही. त्यांच्यानंतर आणखी कोणी त्या सरायीला हात लावीत असेल तर मात्र मला सांगा. मग तिघांच्या प्रती पुढ्यात घेऊन बसू.